नावं लिहिणाऱ्या वेड्याची बाजू

समर्थ रामदासांचं जांब हे गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. नेटवर्कच्या धंद्यात त्या यादीत आणखी एक माणूस सर्वानुमते घातला गेला आहे: नवा स्विच बसवला की त्यावर एलएलडीपी, म्हणजे शेजारच्या यंत्राला आपली ओळख सांगायची सोय, चालू करणारा आणि एकेका पोर्टला नाव देत बसणारा. ‘वेडं आहे ते. नेट चाललं ना, मग झालं की!’ मला या वेड्याची बाजू घ्यायची आहे, आणि अगदी मनापासून घ्यायची आहे.

याच जिल्ह्यातल्या वडीगोद्रीत जालना-अंबडकडून येणारा रस्ता धुळे–सोलापूर महामार्गाला मिळतो. अशा फाट्यावरच्या गावात बँक, शाळा, ग्रामपंचायत, उतारे काढून देणारं केंद्र, सगळ्यांचं काम वायरीवर चालतं. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. आज तिला भारतनेट म्हणतात. पण फायबर दारात आल्यावर आतली वायर कुठून कुठे गेली, हे कुठल्या योजनेत लिहिलेलं असतं? ते भिंतीवरच्या पेटीतल्या स्विचलाच माहीत असतं, आणि विचारलं तर तो सांगतोही.

एलएलडीपी चालू असलेला स्विच साधारण दर ३० सेकंदांनी प्रत्येक पोर्टमधून एक छोटा निरोप पाठवतो: मी अमुक, ही वायर माझ्या अमुक पोर्टात आहे, आणि ही माहिती १२० सेकंद खरी धरा. पलीकडचा स्विच तो वाचून आपल्या शेजाऱ्यांच्या तक्त्यात ठेवतो, पुढे पाठवत नाही. त्या मुदतीत नवा निरोप आला नाही तर नोंद पुसतो. म्हणून या तक्त्यात मेलेली वायर जिवंत म्हणून दिसत राहत नाही. सिस्को कंपनीची स्वतःची अशी सोय, सीडीपी, १९९० च्या दशकापासून होती, पण ती मुख्यतः सिस्कोच्या घरातली बोली. २००५ साली आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ८०२.१एबी हे सामाईक मानक काढलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना ओळख देऊ लागली. आपल्याकडे एका पेटीत तीन कंपन्यांचा माल सहज असतो, त्यामुळे गरज याचीच. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर मात्र एलएलडीपी मुळात बंद असतं. ‘एलएलडीपी रन’ एवढी एक ओळ द्यावी लागते. ती ओळ लिहिणारा तो वेडा.

शहाण्यांची पद्धत निराळी आहे. नेट गेलं की एकेक वायर उपसायची आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीचं काम त्यात तासभर अडतं. वेडा जालन्यात बसून ‘शो एलएलडीपी नेबर्स’ टाकतो आणि कोणत्या पोर्टावरचा शेजारी गायब आहे ते बघून तेवढ्याच वायरीसाठी माणूस पाठवतो.

पण या वेडालाही शिस्त लागते. त्या निरोपात यंत्राचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, व्यवस्थापनाचा आयपी पत्ता असं बरंच काही जाऊ शकतं, आणि समोरचा खरं बोलतो की नाही हे तपासायची सोय त्यात नाही. म्हणून बाहेरच्या कंपनीकडे जाणाऱ्या आणि कुणीही लॅपटॉप लावू शकेल अशा पोर्टांवर पाठवणं आणि घेणं, दोन्ही बंद ठेवावं. मधे एखादा स्वस्तातला साधा स्विच असेल तर काही वेळा तो हे निरोप तसेच पुढे ढकलतो, आणि एकाच पोर्टावर दोन शेजारी दिसतात. तसं दिसलं की जागेवर जाऊन बघावं.

आणि नावं! कारखान्यातून आलेलं ‘स्विच’ हेच नाव सगळ्यांना राहिलं तर शेजाऱ्यांचा तक्ता असून नसल्यासारखा. गाव, इमारत, खोली, पोर्टापुढची वायर, इतकं तरी लिहावंच. ज्या दासबोधात मूर्खांची लक्षणं आहेत त्याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिलेला आहे. समर्थांनी या माणसाला कोणत्या यादीत घातलं असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

‘सगळं माझ्या डोक्यात आहे’ म्हणणारा कामाला हुशार असेल, पण तो पुण्याला गेला की गावाचा नकाशा त्याच्याबरोबर जातो. ज्याला एलएलडीपी ठाऊक आहे आणि तरी तो ते मुद्दाम बंद ठेवतो, म्हणजे दर वेळी त्यालाच बोलवावं लागेल, तो पढतमूर्खही नव्हे. तो गावाची अडवणूक करतो.

सरपंच, मुख्याध्यापक, शाखाधिकारी, तुमच्यासाठी एक विनंती. नेटवर्कच्या कामाच्या बिलावर सही करण्याआधी शेजाऱ्यांच्या त्या तक्त्याची छापील प्रत मागा, आणि प्रत्येक ओळीत ओळखू येईल असं नाव आहे का ते स्वतः वाचून बघा. नसेल तर काम अपुरं आहे, बिल थांबवा.