सार्वभौम हवालदार

सरकारकडून नुकसान करून घ्यायचे असेल, तर आधी एक चौकशी करावी: त्या घटकेला सरकार राजा होते की व्यापारी? व्यापारी असेल तर भरपाईची आशा आहे. राजा असेल तर मुजरा करून घरी जावे.

हा भेद कंपनी सरकारच्या काळातला. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजुरांच्या हातून लोखंड पडले, बग्गीचे घोडे बिथरले, एक जखमी झाला. 1861 मध्ये कोर्ट म्हणाले, गोदी चालवणे हा काही राज्यकारभार नव्हे, भरपाई द्या. घोड्याचे नशीब.

सप्टेंबर 1947 मध्ये मीरतच्या पोलिसांनी एका सोन्याचांदीच्या व्यापाऱ्याला रात्री अडवले. शंभर तोळ्यांवर सोने, दोन मणांवर चांदी जप्त. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पुढे चांदीही मिळाली. सोने मात्र मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलबरोबर पाकिस्तानात गेले.

कस्तुरीलाल खटला म्हणून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. 1964 चा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा, म्हणजे आपल्या साताऱ्याचा. पोलिसांचा हलगर्जीपणा कोर्टाला मान्य, पण अटक, झडती, जप्ती ही सार्वभौम कामे. सबब दावा नामंजूर. पगार बेताचा असला तरी मालखान्याच्या किल्ल्या सांभाळताना हवालदार सार्वभौम असतो!

त्याआधी 1962 मध्ये राजस्थान सरकार मात्र सापडले होते. उदयपूरच्या कलेक्टरांची जीप दुरुस्तीहून परत येताना एका पादचाऱ्याचा जीव गेला, आणि रिकाम्या जीपमध्ये राज्यकारभार नसतो. तेव्हा रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे पाहावे, आणि गाडीत साहेब आहेत का तेही.

गजेंद्रगडकरांनी निकालातच सुचवले होते की, याबद्दल संसदेने कायदा करावा. विधी आयोग तर 1956 पासून तेच सांगत होता. ज्या इंग्लंडच्या राजाकडून आपण ही ऐट घेतली, त्याच्या संसदेने 1947 मध्येच ती बरीचशी उतरवली. आपल्याकडे 1967 मध्ये विधेयक आले आणि बारगळले. प्रजासत्ताकाला राजेपण सोडवेना. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कस्तुरीलाल निकालाची धार बोथट केली, पण पाच न्यायमूर्तींनी लिहिलेले दोघांना खोडता येत नाही.

तरीही दावा लावायचाच असेल, तर दिवाणी संहितेच्या कलम 80 खाली नोटीस देऊन दोन महिने थांबा. तेवढ्यात सरकारने विचार करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आवक-जावक टेबलावर पोच मात्र जरूर मागा. शिक्का मारणारा कारकून त्या क्षणी सार्वभौम आहे का, हे विचारू नका.