जनरेटरवाले तात्या

लाईट गेली की आमच्या राहुरी तालुक्यातला माणूस आधी वायरमनचा उद्धार करतो, मग मेणबत्ती शोधतो. तात्या तेवढे खुलतात. वळवाचा ढग दिसला की शेतकरी कांदा झाकायला पळतो, तात्या जनरेटरवरची ताडपत्री काढायला.

तात्यांच्या लेखी इतिहासाचे दोनच कालखंड: मुळा-प्रवरा वीज संस्थेचा आणि २०११ नंतरचा महावितरणचा. भारनियमनात बारा-बारा तास लाईट नसायची, तेव्हा त्यांनी पहिलं यंत्र घेतलं. पेट्रोलवर चालू करायचं आणि रॉकेलवर न्यायचं. त्याच्या धुरानं शेजारच्यांचे पापड काळे पडले. पुढे तुंबलेल्या पेट्रोलचा कार्बोरेटरमध्ये चिकटा झाला आणि तात्या गॅसकडे वळले. गॅस पडून राहिला तरी नासत नाही, हे वाक्य ते नवसाला पावलेल्या देवाबद्दल बोलावं तसं बोलतात.

मांडणी बघण्यासारखी. यंत्र घरापासून लांब, उघड्यावर, धुराडं वाऱ्याच्या दिशेनं. "कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो," हे त्यांनी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना चहा हातात असताना सांगितलं होतं. टाकी निळी, १९ किलोची. घरातली लाल लावणं बेकायदा, म्हणून काकूंच्या टाकीला ते हात लावत नाहीत. काकूही लावू देत नाहीत. जोडणी झाली की दाढीच्या ब्रशनं नळीच्या तोंडाला साबणाचा फेस. बुडबुडा फुगला तर गळती. नाही फुगला तर त्याच फेसात तात्यांची दाढी.

"अमेरिकेत निव्वळ प्रोपेन मिळतो. आपल्याकडं प्रोपेन-ब्युटेनची खिचडी. थंडीत ब्युटेन आळस करतो," असं म्हणत ते डिसेंबरात टाकी हलवून बघतात. चेंजओव्हर स्विचशिवाय मात्र ते कुणालाच जनरेटर लावू देत नाहीत. आपली वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेला माणूस मरेल. "वायरमनला शिव्या द्या, पण मारू नका," हा त्यांचा कायदा, आणि तो अगदी बरोबर आहे. अर्थिंगच्या खड्ड्याला रोज तांब्याभर पाणी तात्या घालतात. तुळशीचं काकू बघतात.

पंचाईत वेगळीच झाली. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा झाला आणि घरातली लाईट टिकायला लागली. पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं, पण तात्यांच्या वहीत तासच भरेनात. मग दर रविवारी, मालिका ऐन रंगात असताना, ते स्वतःच मेन स्विच पाडतात. लोड टाकल्याशिवाय चाचणी कसली? बोरची मोटर तेवढी नको. चालू होताना ती कितीतरी पट करंट ओढते.

परवा मात्र खरंच गेली. वारा सुटला, डीपीवर जंप तुटला, गल्ली अंधारात. तात्यांनी कॉक उघडला, दोरी ओढली, इंजिन तापेपर्यंत सगळ्यांना थांबवलं. पोरं चार्जर घेऊन ओट्यावर रांगेत. हँडल फिरलं, फ्रीज गुरगुरला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात समोरच्या घरात ट्यूब लुकलुकली.

"आली, आली!" पोरं पळाली.

"फॉल्ट काढलाय नुसता, परत जाणार," तात्या म्हणाले आणि खुर्ची टाकून बसले. अर्धा तास झाला, लाईट काही जाईना.

काकू बाहेर आल्या. "अहो, बंद करा ते. सगळ्या गावात लाईट आहे, आपलाच गॅस जळतोय."

"गरम इंजिन एकदम बंद करायचं नसतं. आधी रिकामं चालवावं लागतं."

"मग करा की रिकामं."

"कसं करू? फ्रीज आहे ना त्याच्यावर!"