सवाई झाल्यावर निघू

पुण्यात समुद्र नाही ही पुण्याची उणीव आहे, असं मुंबईकर मानतात. पुण्याचं स्वतःचं मत असं की समुद्राजवळ पुणं नाही, ही समुद्राची उणीव आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या आडोशाला बसून या गावानं समुद्राचा जितका विचार केला, तितका किनाऱ्यावरच्या लोकांना जाळी विणण्याच्या आणि मासळी विकण्याच्या गडबडीत करताच आला नाही. या चिंतनातून तयार होतो तो पुणेरी दर्यावर्दी. वय साठीच्या पुढे, भोसरीकडच्या कारखान्यातून निवृत्त, मुक्काम कोथरूड, पोहणं टिळक टँकवर शिकलेलं आणि मांडव्याला असलेल्या एका जुन्या शिडाच्या होडीत एक तृतीयांश हिस्सा. गणपती उठले की तो दर वर्षी जाहीर करतो : यंदा हिवाळ्यात होडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला. ऐकणारे हसतात. माझं म्हणणं असं की हसणाऱ्यांनी जरा थांबावं. कोकणकिनाऱ्यानं हिवाळ्यात दक्षिणेला जाण्याची विद्या जर कुणाला पचली असेल, तर ती याच माणसाला.

पहिला आक्षेप उघड आहे. डोंगरावरच्या माणसाला समुद्र काय कळणार? पण हा आक्षेप सरकारला मान्य नाही. नौदलाचे अभियंते घडवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था लोणावळ्याच्या डोंगरावर आहे. नौदलाचे भावी अधिकारी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत धरणाच्या पाण्यावर शीड धरायला शिकतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं; ते पुढे दिल्लीला गेलं, तरी अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांचा हिशेब शिवाजीनगरात लागतो. रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८पासून नदीकाठी आहे. नदी आता जलपर्णीखाली शोधावी लागते, हा दोष क्लबाचा नव्हे. इतिहासाची बाजू मात्र थोडी नाजूक आहे. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते इंग्रजांच्या हातून, आणि त्या इंग्रजांना हाताशी धरणारे पेशवे होते पुण्याचे. हा विषय निघाला की आमचा दर्यावर्दी म्हणतो, ‘ते राजकारण झालं, नौकानयन नव्हे,’ आणि लगेच ९१ वर्षं मागे सरकतो. फेब्रुवारी १६६५मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमारासह बसरूरला गेले. म्हणजे हिवाळ्यात, शिडावर, किनाऱ्यानं दक्षिणेला जाण्याची परंपरा लाल महालात वाढलेल्या पुरुषानं घालून दिली, हे त्याचं ठाम प्रतिपादन. परतताना वायव्येच्या वाऱ्यांनी आरमार खोळंबलं, हेही तो लपवत नाही. उलट त्यातूनच त्यानं आपला सिद्धांत काढला आहे : जाताना शीड, येताना पणजी-पुणे रातराणी. होडी गोव्यात ठेवायची, पुढचं पुढच्या वर्षी. हा सिद्धांत वाऱ्याच्या दिशेनं विचार करणारा कुणीही खोडून काढू शकणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू मंडळी घेतात. अमेरिकेत नॉरफोकपासून मायामीपर्यंत खाड्या, सरोवरं आणि खोदलेले कालवे जोडून सुमारे साडेसतराशे किलोमीटरचा आडोशाचा जलमार्ग केलेला आहे. थंडी पडू लागली की तिकडचे निवृत्त लोक होड्या घेऊन त्यातून फ्लोरिडाकडे निघतात. कोकणात असा मार्ग कुठे आहे? नाही, हे खरं. केरळात कोल्लम ते कोट्टप्पुरम राष्ट्रीय जलमार्ग १९९३पासून आहे, पण तिथवर जायलाही आधी उघडा समुद्रच कापावा लागतो. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन या साऱ्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात आणि सरळ पश्चिमेला जातात. शेजारणीशी एकही बोलत नाही. हा स्वभाव पुणेकराला परका नाही. शिवाय फ्लोरिडाला निघालेले लोक बर्फापासून पळतात, पुणेकराला थंडीपासून पळायचं कारणच नाही; शिवाजीनगरचं किमान तापमान दहाच्या खाली गेलं की त्याला ते स्वतःच्या कर्तृत्वात जमा झाल्यासारखं वाटतं. तरीही तो दक्षिणेला निघतो ते ज्ञानासाठी. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, आत शिरायचं तर भरती गाठावी लागते, आणि भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट हे कोकणातलं जुनं गणित त्याला पाठ आहे. टिळक पंचांगवाल्यांची दिवाळी एखाद्या वर्षी महिनाभर सरकते, तिथी मात्र तीच राहते. समुद्रानं या वादात पडायचं टाळलं आहे.

खरी अडचण वाऱ्याची आहे आणि ती कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, कारण ती मांडायला शाळेचा भूगोल आठवावा लागतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात, सकाळ चढली की ते पडतात, मग सगळं स्तब्ध होतं. आणि खारे वारे अंग धरतात ते दुपारी. म्हणजे शिडाला पोटभर वारा मिळण्याची वेळ नेमकी एक ते चार. ज्या शहरात या वेळात दाराची बेल वाजवणं हा अपराध ठरतो, तिथल्या माणसानं या वेळात सुकाणू धरायचं! रात्री चालावं म्हटलं, तर डोल जाळ्यांचे खुंट आणि बिनदिव्यांच्या होड्या. त्यामुळे मांडवा ते पणजी हे सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचं अंतर, जे न थांबता दोन दिवसांत कापता येईल, त्याला तो तीन आठवडे धरतो. टीकाकार याला आळस म्हणतात. मी याला स्वतःच्या शरीराचा अभ्यास म्हणतो.

आता निघण्याची तारीख. इथे त्याच्या विवेकाची खरी कसोटी आहे, आणि तो तीत कधी नापास झालेला नाही. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्रावर जातात, पण तेव्हा पाऊस संपलेला नसतो. दिवाळीनंतर निघावं, तर ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ याच किनाऱ्यावर आलं होतं. त्या बातमीचं कात्रण त्याच्या फायलीत आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. १९५३पासून चालत आलेली गोष्ट एका होडीसाठी सोडायची नसते. ‘सवाई झाल्यावर निघू’ असं ठरतं, तोवर नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून मुलगा येतो, नातवाची मुंज उरकून घेतली जाते, संक्रांतीला तिळगूळ वाटायचा राहतो. फेब्रुवारी उजाडला की वायव्येचा वारा जोर धरतो आणि त्याला १६६५ आठवतं. यातलं प्रत्येक कारण स्वतंत्रपणे तपासा. एकही खोटं नाही.

मग तो जातच नाही का? जातो. जानेवारीतल्या एखाद्या मोकळ्या आठवड्यात, दोन हिस्सेदार आणि वाटेत जोडलेला एक स्थानिक तांडेल यांच्यासह, मुरूड, हर्णै करत तो बहुधा जयगडपर्यंत पोहोचतो. होडीवर जोडे काढून यायचं, हा नियम सगळ्या जगातल्या नौकांवर पाळला जातो. तो सांगण्यासाठी पाटी मात्र फक्त याच्याकडे आहे. पोलीस आणि बंदर अधिकारी कागद मागतात, तेव्हा त्याचा चेहरा फुलतो. निवृत्तीनंतर त्याची फाईल इतक्या आस्थेनं कुणीच पाहिलेली नसते. पत्नी होडीवर येत नाही. ती गोवा एक्सप्रेसनं एका रात्रीत मडगावला उतरते आणि ‘तुम्ही सावकाश या हो’ असा निरोप पाठवते.

शेवटचा आक्षेप असा की दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि याला गोवा गाठवत नाही. तुलनाच चुकीची आहे. दोंदे नौदलाचे अधिकारी. त्यांना पाठवणारं कुणीतरी होतं. याला कुणी पाठवत नाही, बोलावत नाही, गेला नाही तर कुणी विचारत नाही, आणि तरी हा दर पावसाळ्यात शिडं शिवून घेतो. मांडवा ते जयगड म्हणजे वाटेच्या निम्म्याला थोडं कमी, आणि जिथे बहुतेकांची मजल अलिबागच्या रिसॉर्टापुढे जात नाही, तिथे हे अंतर भरपूर आहे. येत्या हिवाळ्यात त्यानं तुम्हाला बरोबर चला म्हटलं, तर नक्की जा. शिधा, नकाशे आणि मतं त्याच्याकडे मुबलक असतात. तुम्ही फक्त उलटीच्या गोळ्या घ्या आणि परतीचं तिकीट पणजीहून न काढता रत्नागिरीहून काढा.