काय चावलं म्हणायलाव?

परभणीत माणसाला काही झालं की आधी निदान होतं, मग औषध, आणि सगळं आटोपल्यावर तपासणी. अशा गावात मानेवर लालभडक पट्टा घेऊन मी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, हे जरा धाडसच झालं. पिशवी हातात पडेपर्यंत मला गांधीलमाशी चावून झाली होती, गोचीड चिकटून झाली होती, आणि परतताना कोपऱ्यावर विंचूही डसला.

घडलं होतं एवढंच, की आदल्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे कृषी विद्यापीठात फिरायला गेलो होतो. 18 मे 1972 रोजी हे विद्यापीठ मराठवाड्याच्या शेतीसाठी स्थापन झालं. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. शेतीचं विद्यापीठानं काय केलं ते शेतकरी सांगतील, पण आमच्यासारख्या शुगरवाल्यांची मोठी सोय केली, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. मोठे रस्ते, दुतर्फा झाडं, पलीकडे प्रयोगाची शेतं. याच मातीत ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी तयार झाली. केवड्या रोगाला दाद न देणारी म्हणून ती देशभर गेली. भेंडीला प्रतिकारशक्ती मिळाली. तिच्या बाजूनं रोज फिरणाऱ्यांचा विचार कुणी केला नाही.

श्रावण होता. रात्री पाऊस पडून गेला होता आणि रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. दिव्याखालच्या कठड्यावर आम्ही मंडळी टेकलो होतो. फिरण्याचा मुख्य भाग हाच असतो. मानेवर काहीतरी वळवळलं, हात आपोआप गेला, चापट बसली आणि विषय संपला. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी उठलो तर मान भाजल्यासारखी. लाल पट्टा, त्यावर पिवळट पुळ्यांची रांग. शिवाय कोपराच्या आतल्या बाजूला दोन डाग, घडीच्या वर एक आणि खाली एक, अगदी सारखे. शाई वाळायच्या आत वही मिटली की समोरच्या पानावर उमटते, तसे.

“विंचूच,” समोरचे काका म्हणाले.

“काका, विंचू असता तर मी इथं उभा राहिलो असतो का?”

“म्हणूनच म्हणायलो, बारका असंल.”

काकांना विंचू हवाच होता, कारण विंचू निघाला की डॉ. हिंमतराव बावसकर काढता येतात. बावसकर आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडच्या बाजूला लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट जात होती, तेव्हा या माणसानं रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी विंचवावर चालवून दाखवली. 1982 मध्ये त्यांचं लिखाण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. “जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात, पण जालनाबी कमी नाही,” असं म्हणताना काकांचे डोळे असे चमकले, की त्यांच्या समाधानासाठी आपल्याला विंचू चावला असता तर बरं झालं असतं, असं मलाच वाटायला लागलं.

दुपारी नागपूरहून साडूंचा फोन आला. गल्लीतली बातमी नागपूरला कशी पोचली हे विचारण्यात अर्थ नसतो. साडूंनी थेट ‘स्क्रब टायफस’ म्हटलं. 2018 मध्ये नागपुरात आणि विदर्भात त्याची साथ आली होती, तेव्हापासून साडू कुणाच्या अंगणात गवत दिसलं तरी बूट काढत नाहीत. “गवतात गेला होता का? ताप? अंगावर काळी खपली शोधा. ती दुखत नाही, म्हणून लपलेली असते. काखेत बघा, कमरेला बघा.” बायको आणि मुलगा बॅटरी घेऊन माझ्यावर उतरले. खपली सापडली नाही. पाठीवर एक तीळ मात्र सापडला, आणि तो लग्नात नव्हता अशी तक्रार नोंदवली गेली. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, साडूंचा रोग खोटा नाही. चिगर नावाची डोळ्यांना न दिसणारी बारीक माइटची पिल्लं गवता-झुडपातून अंगावर येतात, चावल्याचं कळतही नाही, आणि आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. तापासोबत तशी खपली दिसली, तर गल्लीत विचारत बसू नये. वेळेवर दिलेल्या डॉक्सिसायक्लिननं माणूस बरा होतो. पण मला ताप नव्हता. साडू जरा नाराज झाले.

संध्याकाळी गंगाखेडची चुलतबहीण आली आणि दारातच किंचाळली, “अगं बाई, नागीण!” नागीण म्हणजे खरं तर लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूत दबा धरून बसतो आणि म्हातारपणी एकाच बाजूनं पट्टा काढतो. तो शरीराची मधली रेघ सहसा ओलांडत नाही, हे मला माहीत होतं. बहिणीला मात्र वेगळंच माहीत होतं. “दोन्ही तोंडं जुळली की माणूस संपला, दादा.” ती गेल्यावर मी आरशासमोर उभा राहून दोन्ही तोंडांमधलं अंतर बोटांनी मोजलं. शिक्षण वगैरे सगळं ठीक आहे, पण मान आपली असते. तिनं थापलेला गेरू तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, तर कॅशियरनं नोटा मोजता मोजता आदरानं विचारलं, “कुठल्या देवाला जाऊन आलात?”

या सगळ्या काळात आत्या ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, मोतीबिंदू काढलेला. त्यांनी मला जवळ बोलावलं, मान उजेडात धरली आणि म्हणाल्या, “चावलं-बिवलं काई नाई. मुतलंय.”

“काय?”

“कोळी. कोळी मुतलाय तुझ्यावर.”

घर हसून हसून आडवं झालं. मला मात्र लागलं. विंचू, नागीण, टायफस यांत काहीएक इभ्रत आहे. लोक दाराशी येतात, हळू आवाजात विचारतात. कोळ्यानं लघुशंकेला निवडलेला माणूस म्हणून कोण भेटायला येणार?

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेकडे पाहिलं, कोपर दुमडून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “चापट मारली होती का?”

मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. जेमतेम सेंटीमीटरभर लांब, मोठ्या मुंगीसारखा किडा, अंगावर काळे-केशरी पट्टे. पेडेरस. जातीनं भुंगा, पण पंखांची झाकणं इतकी आखूड की भुंगा वाटत नाही. पावसाळ्यात दिव्यांकडे धावतो. “हा तुम्हाला चावला नाही. डंखही मारला नाही. याच्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं. अंगावर चालू दिला असता तर चालत निघून गेला असता. तुम्ही चिरडलात, रस कातडीवर पसरला. जळजळ साधारण दिवसभरानं सुरू होते, तोवर माणूस विसरलेला असतो. कोपराच्या घडीत रस लागला आणि हात दुमडला, की दुसऱ्या बाजूलाही छाप उठतो.” चिरडलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवायचं, तो हात डोळ्याला लावायचा नाही. पूर्व आफ्रिकेत याच्याच भाऊबंदांमुळे इतके डोळे सुजतात, की त्या दुखण्याचं नावच ‘नैरोबी आय’ पडलंय. 2022 मध्ये सिक्कीममधल्या एका कॉलेजची कितीतरी मुलं याच किड्यामुळे भाजली होती. मलम लिहून देताना डॉक्टरांनी गेरूकडे बोट दाखवलं आणि एवढंच विचारलं, “हे कुणी?”

पुढच्या पहाटे फिरताना कीटकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक भेटले. त्यांना मोठ्या उत्साहानं हकिकत सांगितली. त्यांचा चेहरा पडला. “मारलात? अहो, मित्रकीटक आहे तो. मावा खातो, तुडतुडे खातो, किडींची अंडी खातो. शेतकऱ्याचं काम फुकट करतो.” माझ्या मानेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वर सांगितलं, की ते विष किड्याचंसुद्धा नव्हे. त्याच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, आणि तेही मुख्यतः मादीच्या पोटातले. 1950 च्या दशकात इटलीतल्या संशोधकांनी हे विष वेगळं काढलं, त्यासाठी त्यांना अडीच कोटी किडे गोळा करावे लागले. मी एकच मारला होता, तर हे गृहस्थ माझ्याशी विद्यापीठाच्या गेटपर्यंत बोलले नाहीत.

घरी येऊन मादीचा तपशील सांगितला. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, “बरोबरच आहे. येता-जाता कुणी अंगावर हात टाकला तर काय करावं तिनं?”

आत्यांनी मात्र विज्ञानाला तडजोडीची संधी दिली नाही. “आत्या, तुमचं बरंचसं बरोबर निघालं. चावा नव्हताच, अंगावर रस पडला,” मी म्हणालो. “फक्त तो कोळी नव्हता आणि ते मूत नव्हतं, रक्त होतं.” “तू बघितलंस का?” त्या म्हणाल्या. तेव्हापासून गल्लीत कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, की आधी आत्यांकडे आणतात. परवा एका पोराच्या गालावरचे उन्हाळी फोड बघूनही त्यांनी तेच निदान केलं आणि पोराच्या आईनं खाली वाकून नमस्कार केला.

दिव्याकडे किडे येतात, म्हणून डॉक्टरांनी पावसाळाभर संध्याकाळी बाहेरचे दिवे बंद ठेवायला सांगितले होते. पहिल्याच दिवशी आम्ही ओसरीवरची ट्यूब मालवली, खिडक्या लावल्या आणि आत मिणमिणत्या बल्बखाली जेवायला बसलो. इतक्यात काकांची हाक आली, “तुमच्याकडची लाइट गेली का हो?” तोंडात घास होता, म्हणून बोलायला वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा काकांनी फोन लावून वायरमनला बोलावलं होतं, तो खांबावर अर्धा चढला होता, आणि त्याला दिसावं म्हणून गल्लीनं आपापल्या घरातले झाडून सगळे दिवे लावून ठेवले होते.