बरणीतली वाईन, बंदीतली पपई: नाताळनिमित्त एक अनावृत पत्र

प्रति,
माननीय घरगुती गर्भसंगोपन सल्लागार मंडळ,
मुक्काम मुरार, ग्वाल्हेर.



मंडळाची नोंदणी कुठल्याच कार्यालयात झालेली नाही, तरी नाताळच्या आठवड्यात त्याचं कामकाज चोवीस तास चालतं, हे मुरार-लष्करातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती घराला सांगायला नको. अध्यक्षपदी सासूबाई, कार्यवाह आत्याबाई, नागपूरहून खास आलेल्या मावशी निमंत्रित सदस्य. बाळंतपणाचा अनुभव शून्य पण मत सर्वांत ठाम असलेले मामंजी तहहयात सल्लागार. विषयपत्रिकेवर विषय एकच: पाचवा महिना लागलेली सूनबाई. तिला काय द्यायचं, काय नाही. सूनबाई बैठकीला हजर असतात, पण त्यांना मताधिकार नसतो.

मंडळाने काढलेली बंदी-यादी मोठी अभ्यासू आहे. पपई बंद, अननस बंद. गजक बंद, तीही ऐन डिसेंबरात, जेव्हा ग्वाल्हेरच्या दुकानांत तिच्या चळती लागलेल्या असतात. कारण, तीळ गरम पडतात. दहीही बंद, कारण ते थंड पडतं. परवानगी-यादी त्याहून रंजक. घरची द्राक्षाची वाईन, अर्धा पेला, 'रक्त वाढतं' म्हणून. ब्रँडी दोन चमचे, 'छातीत कफ राहत नाही' म्हणून. रममध्ये मुरलेला केक हवा तितका, 'भाजलाय ना, मग काय' म्हणून. आणि कलेजी वाटीभर, लोहासाठी.

दोन्ही याद्यांची शीर्षकं लिहिताना कारकुनाकडून अदलाबदल झाली असावी, अशी शंका येते.

पपईचं प्रकरण आधी निकाली काढू. सिंगापूरच्या संशोधकांनी 2002 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये उंदरांवरचे प्रयोग मांडले होते. पिकलेल्या पपईच्या रसाने गर्भाशयाच्या स्नायूवर परिणाम दिसला नाही, कच्च्या पपईच्या चिकाने मात्र तो आकसला. म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर नको म्हणणारी आजी बरोबर होती. पिकलेल्या फोडीवरचा खटला मात्र खारीज. गजकेत तीळ आणि गूळ. तिळात कॅल्शियम भरपूर. सूनबाईंची रक्तातली साखर ठीक असेल तर एखाद-दुसऱ्या वडीने काही आभाळ कोसळत नाही.

आता त्या बरणीकडे वळू. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गव्हाच्या पिंपामागे, तोंडाला मलमलचं फडकं बांधलेली चिनी मातीची बरणी. आत चेचलेली काळी द्राक्षं, साखर, चिमूटभर यीस्ट, दालचिनीचा तुकडा आणि जुन्या रीतीप्रमाणे मूठभर गहू. लाकडी डावाने रोज ढवळायचं, एकवीस दिवसांनी गाळायचं. कान लावला तर आत बुडबुड्यांची चुळबुळ ऐकू येते. सगळी भानगड त्या चुळबुळीत आहे. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि मागे अल्कोहोल ठेवतं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर संपली की 1 टक्का अल्कोहोल तयार. आत्याबाई लिटरला पाव किलो साखर घालतात, द्राक्षांची आपली वेगळी. पुढचा हिशेब मंडळाने स्वतःच करावा. दुकानातल्या बाटलीवर निदान टक्का छापलेला असतो. बरणीवर 'हात लावू नये' एवढंच लिहिलंय, तेही मुलांसाठी.

'ही दारू नाही, वाईन आहे,' हा मामंजींचा युक्तिवाद मंडळाने एकमताने संमत केल्याचं कळतं. नाळेने मात्र तो फेटाळला आहे. आईच्या पोटात गेलेलं अल्कोहोल थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात पोचतं, आणि ते निपटायला बाळाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं. फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लेमोआन या बालरोगतज्ज्ञाने 1968 साली दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांतली व्यंगं नोंदवली; फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग 1973 मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्या लक्षणसमूहाला नाव दिलं. चेहऱ्याची वेगळी ठेवण, खुंटलेली वाढ आणि जन्मभर पुरणाऱ्या मेंदूच्या अडचणी. गरोदरपणात दारूची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही मात्रा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात अर्धा पेला आला, दोन चमचेही आले.

अमेरिकेने 1988 साली कायदा करून प्रत्येक बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापायला लावला. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून बाटलीवर वैधानिक इशारा सक्तीचा झाला खरा, पण तो सांगतो की मद्यपान आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका. सूनबाई गाडी चालवत नाहीत, सबब मंडळाने त्यांना त्यातून सूट दिली असावी.

मावशींचा मुद्दा अधिक तोलाचा आहे: मग आपलं द्राक्षासव कसं चालतं? चालतं असं परस्पर ठरवू नये, हेच उत्तर. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यांत साधारण 5 ते 10 टक्के अल्कोहोल आपोआप निर्माण होतं आणि बाटलीवर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मावशींचा चष्मा नागपूरला राहिला असल्यास सूनबाईंकडून वाचून घ्यावं आणि डॉक्टरांना विचारावं.

केकबाबत मात्र मंडळाला थोडी सवलत द्यायला हवी. उत्तरेतल्या जुन्या रीतीप्रमाणे घरचं मिश्रण डब्यात भरून, वर नावाची चिठ्ठी लावून बेकरीच्या भट्टीवर नेणारी घरं अजून आहेत. अलाहाबादी पद्धतीच्या केकमध्ये पेठा, तूप, बडीशेप आणि संत्र्याचा मुरंबा पडतो. त्याचा दरवळ रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. पण भट्टीत सगळी दारू उडून जाते, ही समजूत खोटी. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर भाजल्यावर घातलेल्या अल्कोहोलपैकी सुमारे 25 टक्के उरतं, दीड तासाने 20 टक्के. एका कापात ते थोडंच येईल. खरी गोम पुढे आहे. केक घरी आल्यावर त्याला सुईने टोचून मामंजी दर रविवारी चमचा-चमचा रम 'पाजतात'. त्या रमला भट्टी दिसलेलीच नाही. सुका मेवा संत्र्याच्या रसात भिजवून सूनबाईंसाठी एक वेगळा डबा भट्टीवर धाडला तर काय बिघडेल? चिठ्ठीवर नाव तिचं घाला, म्हणजे मामंजींची सुई तिकडे वळणार नाही.

यंदा बंगळुरूहून येणाऱ्या भाचीने एगनॉगचा घाट घातला आहे. दूध, साखर, जायफळ आणि फेटलेली कच्ची अंडी. रम वगळली म्हणजे ते निरुपद्रवी झालं, असा ठराव घाईचा आहे, कारण साल्मोनेला हा जिवाणू अंड्यातून येतो. तीच गोष्ट सँडविचमधल्या घरगुती मेयोनेजची. हैदराबादेत मोमोज खाऊन अनेक जण आजारी पडले, एका महिलेचा जीव गेला, आणि तेलंगणा सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली. भाचीने दूध-अंड्याचं मिश्रण मंद आचेवर ढवळत 71 अंशांपर्यंत नेलं, डावाच्या पाठीला चिकटेल इतकं दाट केलं, तर सूनबाईंनी खुशाल दोन पेले प्यावेत.

आता मंडळाचा सर्वांत लाडका सिद्धांत: 'ग्वाल्हेरच्या थंडीत काय खराब होतंय?' रात्री कुडकुडायला लावणारा गारठा असतो हे मान्य. म्हणून मटण ओट्यावर, सलामीची बशी मेजावर आणि बिर्याणीचं पातेलं व्हरांड्यात, सकाळपर्यंत. लिस्टेरिया नावाच्या जिवाणूला याहून प्रेमळ यजमान मिळणार नाही, कारण तो फ्रीजच्या गारव्यातही आरामात वाढतो. गरोदर स्त्रियांना त्याची बाधा इतरांपेक्षा सुमारे दहा पट अधिक होते. आईला साधा फ्लू वाटतो, घाला मात्र बाळावर पडतो. लॉस एंजेलिस परगण्यात 1985 साली एका मऊ मेक्सिकन चीजमुळे 142 जणांना हा आजार झाला. त्यातल्या 93 केसेस गरोदर स्त्रिया किंवा त्यांच्या बाळांच्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी या तयार मांसाच्या गुंडाळीतून तो पसरला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. उपाय अगदी साधा. सूनबाईंच्या ताटातलं मांस वाफा निघेपर्यंत गरम केलेलं असावं, सलामी-सॉसेजसुद्धा. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावं, आणि त्यांच्यासाठी काढताना पुन्हा कडकडीत तापवावं.

दुधाचं म्हणाल तर चंबळच्या या टापूत वेगळीच धास्ती. जुलै 2019 मध्ये मध्य प्रदेश पोलिसांच्या विशेष कार्यदलाने मुरैना जिल्ह्यातल्या अंबाह आणि भिंड जिल्ह्यातल्या लहार इथे छापे घालून बनावट दुधाचे कारखाने पकडले. पाठोपाठ राज्याने 'शुद्ध के लिए युद्ध' ही मोहीम काढली. दूध उकळल्याने जंतू मरतात, बनावट दुधातला शाम्पू मरत नाही. मावा-पनीर ओळखीच्या डेअरीतून किंवा सीलबंद घ्यावं. स्टेशनाबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या माव्याच्या करंज्या मामंजींनी खाव्यात.

कलेजीत लोह आहे, तसंच अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर आहे. ते बाळाला बाधू शकतं, म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदरपणात कलेजी टाळायला सांगते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

राहता राहिला प्रभुभोजनाचा प्याला. त्यावर वाद घालायची गरजच नाही. न्यू जर्सीतले थॉमस वेल्च हे दंतवैद्य आणि मेथडिस्ट गृहस्थ. त्यांनी 1869 साली द्राक्षरस पाश्चरीकरण करून, न आंबलेला, प्रभुभोजनासाठीच तयार केला. जिथे प्याल्यात वाईन असते तिथे पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवावं.

मंडळाला वरिष्ठ कार्यालय हवंच असेल तर ते गावातच आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ब्रिटनच्या राजा-राणीवरून मुलांची नावं जॉर्ज आणि मेरी ठेवली, त्यांतल्या मेरी कमलाराजेंच्या नावाचं कमलाराजा रुग्णालय गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारायला मंडळाचा ठराव लागत नाही.

आणि एक. सूनबाईंनी दिवस राहिल्याचं कळण्याआधी कुणाच्या लग्नात घोटभर वाईन घेतली असेल, तर आता त्यावरून त्यांना पंगतीत टोचू नये. त्यांनी ते तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावं, पुढे घेऊ नये, इतकं पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बरणीला कान लावून पाहिलेला एक पाहुणा

ता. क. लिस्टेरियाची लक्षणं दिसायला कधीकधी 70 दिवस लागतात. म्हणजे नाताळच्या जेवणाचा ताप मार्चच्या पहिल्या आठवड्यातही येऊ शकतो. तेव्हा सूनबाईंचं अंग तापलं, हातपाय मोडून आले, तर काढा करून वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि 25 डिसेंबरला ताटात काय काय होतं ते डॉक्टरांना सांगा.