नकली रोग्यांची काळजी

परदेशी पदवीच्या डॉक्टरला ऑस्ट्रेलियात पूर्ण नोंदणी हवी, तर अनेकांना ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची क्लिनिकल परीक्षा चुकत नाही. ती मेलबर्नच्या केंद्रात प्रत्यक्ष द्यायची. १६ खोल्या; दाराबाहेर २ मिनिटं वाचन, आत ८ मिनिटं, घंटा झाली की पुढचं दार. आतला रोगी बहुधा नट, दुखत काहीच नसताना कण्हण्याचे पैसे घेणारा.

मार्च २०२० मध्ये ही परीक्षा थांबली. साथ आली, डॉक्टर हवेत, म्हणून डॉक्टरांची परीक्षा बंद! नकली रोग्यांना संसर्ग होऊ नये ही दक्षता वाखाणण्याजोगीच. खरे रोगी काय, ते अभ्यासक्रमाबाहेरचे. ऑगस्टात मेलबर्नकरांनाच रात्री ८ नंतर घराबाहेर पडायची बंदी, दिवसाही ५ किलोमीटरचं कुंपण. तिथे पुण्याचा उमेदवार कुठून पोचणार? मे २०२१ मध्ये तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही ५ वर्षं कैद किंवा ६६,६०० डॉलर दंडाची तंबी मिळाली. म्हणजे पुण्याच्या ससून रुग्णालयात खरे कोविडरुग्ण तपासल्याचा अनुभव हा अर्जाला जोडायचा दाखला नव्हे, जवळजवळ गुन्ह्याचा पुरावा.

त्याच वर्षी परीक्षा तात्पुरती पडद्यावर आली. मग यकृत चाचपायचं कसं? तोंडाने. आपल्याकडच्या तोंडी परीक्षेत पोरं वर्षानुवर्षं हेच करतात म्हणा. फक्त आपल्याकडे रोगी निदान त्याच खोलीत असतो.