जास्तीत जास्त शेअर करा

ज्या पोस्टखाली "जास्तीत जास्त शेअर करा" असं लिहिलेलं असतं, नेमकी तीच पोस्ट शेअर होत नाही, हा नियम नांदेड-लातूर पट्ट्यात आता जवळपास सिद्ध झाला आहे. लोक कारण शोधतात ते टॉवरमध्ये, कंपनीत, फार तर विरोधी गटाच्या कारस्थानात. खरं कारण बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या नावाखाली, तुरीच्या डाळीएवढ्या एका चिन्हात बसलेलं असतं. तिथे पृथ्वीचा गोल असेल तर पोस्ट जगाला दिसते. दोन माणसांचं चित्र असेल तर ती फक्त फेसबुकवरच्या मित्रांना. आणि कुलूप असेल तर लिहिणाऱ्याला एकट्याला. कुलपातली पोस्ट त्याला स्वतःला अगदी व्यवस्थित दिसते, म्हणून तर तो भांडायला उठतो.

मराठवाड्याला जाहीर बोलण्याची सवय जुनी. दवंडी पिटली की ती ऐकायची नाही असं ठरवणाऱ्यालाही ऐकू जायची. पारावर बोललेलं संध्याकाळपर्यंत शिवेपार जायचं. पुढे फ्लेक्स आला. फ्लेक्सला सेटिंग नसतं. चौकात ताणून बांधला की तो समर्थकाला दिसतो, विरोधकाला दिसतो, खाली बसलेल्या गाईलाही दिसतो. "फक्त मित्रांसाठी" म्हणून वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा करून लावलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. अशा मुलखातल्या माणसाला फेसबुक जेव्हा विचारतं की हे नेमकं कुणाला सांगायचं आहे, तेव्हा त्याला तो प्रश्नच वाटत नाही. सांगायचं म्हणजे सगळ्यांनाच ना!

त्यातून फेसबुक दर वेळी विचारतही नाही. मागच्या पोस्टला जे निवडलं, तेच पुढच्या पोस्टला चिकटून राहतं. समजा, एखाद्या तात्यांनी दिवाळीत भावकीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मुलाच्या आग्रहाने त्या कुलपात टाकल्या. संक्रांतीला तात्या ग्रामसभेची सूचना लिहितात, तीही मुकाट कुलपात जाते. ग्रामसभेला कोरम भरत नाही. तात्यांना गावाचा उत्साह मावळल्यासारखा वाटतो. खात्याचं वयही इथे महत्त्वाचं आहे. मे २०१४ पर्यंत नव्या खात्याची पहिली पोस्ट काहीही न निवडता जाहीर व्हायची. त्यानंतर उघडलेल्या खात्याची ती आपोआप मित्रांपुरती राहू लागली. त्यामुळे एका माणसाला जे न शिकता जमलं, ते त्याच्या धाकट्या भावाला शिकूनही जमत नाही.

कधी चूक खरोखरच कंपनीचीही असते. १८ ते २७ मे २०१८ या दहा दिवसांत फेसबुकच्या एका बिघाडामुळे जगभरातल्या १ कोटी ४० लाख खात्यांवर नवी पोस्ट लिहिताना "सर्वांसाठी" हा पर्याय आपणहून निवडला जात होता. कंपनीने जूनमध्ये ते कबूल केलं. त्याची तक्रार मात्र आपल्याकडून फारशी गेली नसावी. आपली पोस्ट न मागता साऱ्या जगाला दिसली, यात तक्रार करण्यासारखं काय, हे इकडच्या कार्यकर्त्याला समजावून सांगणं अवघड आहे.

या सगळ्याचा दवाखाना म्हणजे मोबाइल शॉपी. नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गांधी चौकात काय, काचेच्या काउंटरमागे विशीतला एक पोरगा स्क्रीनगार्ड चिकटवत उभा असतो, आणि मूळ धंद्यापेक्षा जास्त वेळ तो ओपीडीच चालवत असतो. तिथलं संभाषण साधारण असं:

"अरे, माझी पोस्ट कुणालाच दिसंना गेलीय. कार्यक्रम तर परवावर आलाय."

"मामा, प्रोफाइलला कुलूप हाय की तुमच्या."

"ते पोरीनं घातलंय. लोक फोटो चोरतेत म्हणली."

"कुलूप असलं की पोस्ट बाहेर जात नसती, मामा. काढू का?"

"कुलूप काढू नको. पोस्ट तेवढी बाहेर काढ."

मामांची मागणी हसण्यावारी नेऊ नये. प्रोफाइल लॉकची ही सोय फेसबुकने मे २०२०मध्ये आणली, आणि ती सुरुवातीला भारतासाठीच, मुख्यतः बायकांचे फोटो कुणी उचलून भलतीकडे वापरू नयेत म्हणून. हेतू चांगलाच होता. पण हे लॉक लावलं की पूर्वीच्या जाहीर पोस्टही मित्रांपुरत्या होतात आणि नवी पोस्ट जाहीर करताच येत नाही. ज्याला फोटोही जपायचे आहेत आणि पुढारपणही करायचं आहे, त्याने स्वतंत्र पेज काढावं हा त्यावरचा खरा उपाय. पेजचा आणखी एक फायदा असा की प्रोफाइलवर मित्रांची मर्यादा ५,०००ची, पेजला तशी मर्यादा नाही. तरीही माणसं पेज काढत नाहीत. पेजचे अनुयायी शून्यापासून मोजायला लागतात, आणि शून्य हा आकडा कार्यकर्त्याच्या प्रकृतीला मानवत नाही.

दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवताना तर गोंधळ दुप्पट होतो. मूळ पोस्ट ज्याने लिहिली त्याने ती मित्रांपुरती ठेवली असेल, तर ती कुणीही आणि कितीही जोमाने शेअर करो, दिसणार मूळ लिहिणाऱ्याच्या मित्रांनाच. बाकीच्यांना "हा मजकूर सध्या उपलब्ध नाही" अशा अर्थाचं करडं खोकं दिसतं. खासगी ग्रुपमधल्या पोस्टचंही तेच. इन्स्टाग्रामवर खातं खासगी असेल तर त्यावरची रील ज्याला पाठवली तो फॉलोअर असला तरच उघडते. करडं खोकं दिसल्यावर लोक पाठवणाऱ्यालाच फोन करून विचारतात, "डिलीट कामून केली?" तो बिचारा शपथा घेतो. त्याला दिसत असते ना!

याच्या अगदी उलट जे घरात राहायला हवं, ते मात्र बिनदिक्कत बाहेर पडतं. जाहीर पोस्टवरची प्रतिक्रियाही जाहीर असते, हे ध्यानात न घेता आमदारांच्या वाढदिवसाच्या फोटोखाली कुणी लिहितं, "साहेब फोन उचला, त्या लाइटच्या डीपीचं काय झालं." लगेच खाली त्याचाच मेहुणा विचारतो, "दाजी, उसनवारीचे पैसे कधी देऊलालात?" ग्रामसभेची सूचना कुलपात आणि उसनवारी चव्हाट्यावर, अशी ही अदलाबदल आहे.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसची कहाणी आणखी कडू. ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या माणसाने वॉर्डातल्या प्रत्येकाचा नंबर फोनमध्ये साठवून घेतलेला असतो. तो दिवसाला दहा स्टेटस टाकतो. पाहणाऱ्यांच्या यादीत मात्र बायको, चुलता, दूधवाला आणि स्वतःच्याच पॅनेलमधले दोन-तीन जण. फोन बिघडलेला नसतो. स्टेटस दिसायला दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर साठवलेला असावा लागतो. उमेदवाराने मतदारांचे नंबर ठेवले, मतदारांनी उमेदवाराचा ठेवला नाही. ब्रॉडकास्ट यादीचंही असंच आहे, ज्याने तुमचा नंबर ठेवलेला नाही त्याला निरोप पोचत नाही. निवडणुकीचा इतका स्वस्त आणि इतका अचूक अंदाज दुसरा नसेल. पण शॉपीतला पोरगा हे सांगण्याच्या भानगडीत पडत नाही, कॅशे साफ करून वीस रुपये घेतो.

मजकुराचंही दुखणं आहे. पत्रिका, हँडबिल, निवेदन हे सगळं अजूनही गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे बनतं, आणि तिथे श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट ठाण मांडून बसलेले आहेत. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. संगणकाच्या पोटात साठतं रोमन अक्षरच, डोळ्यांना दिसतं मराठी. तोच मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला की मराठीचा मुखवटा गळून पडतो आणि "सप्रेम नमस्कार"च्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि रोमन अक्षरांची भेळ उरते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. पण या भागाने आपला वेगळा तोडगा काढला. छापील कागद टेबलावर ठेवायचा, मोबाइलने फोटो काढायचा, फोटो टाकायचा. कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठाही येतो, म्हणजे निवेदनावर सही आणि अंगठा दोन्ही झालं.

लातुरात जूनमध्ये निकालांचा हंगाम असतो. नीटच्या तयारीसाठी राज्यभरातली पोरं इथे खोल्या करून राहतात, आणि निकाल लागला की क्लासेसच्या पोस्टना पूर येतो. त्यात दर वर्षी कुठे ना कुठे असं होतं, की लिंक यंदाच्या निकालाची आणि सोबतचा फोटो मात्र गेल्या वर्षीच्या पोरीचा. ती पोर तोवर वैद्यकीयचं पहिलं वर्ष संपवत आलेली असते. पुन्हा उत्तीर्ण झाल्याबद्दल तिच्या आजीला फोन येऊ लागतात. कारण साधं आहे. कोणतीही लिंक पहिल्यांदा टाकली की फेसबुक त्या पानावरून एक चित्र आणि मथळा उचलून स्वतःकडे ठेवतं आणि पुढे तेच दाखवत राहतं. पान बदललं तरी त्याला लगेच कळत नाही. त्यासाठी फेसबुकचंच शेअरिंग डीबगर नावाचं पान आहे. तिथे लिंक टाकून "स्क्रेप अगेन" दाबलं की ते नव्याने चित्र उचलतं. क्लासवाले त्याऐवजी पोस्टखाली लिहितात, "फोटोकडे दुर्लक्ष करावे."

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षाच्या शेवटी तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड आणि त्यांच्याभोवती प्रचंड गर्दी. या गर्दीतला प्रत्येक जण उंटाचा व्हिडिओ त्याच क्षणी टाकायच्या मागे. एका टॉवरची क्षमता तेवढ्या सगळ्यांत वाटली जाते, शिवाय मोबाइलच्या जाळ्यात वर चढवायचा रस्ता खाली उतरवायच्या रस्त्यापेक्षा अरुंदच असतो. व्हिडिओचं गोल चक्र फिरत राहतं. माणूस वैतागून पुन्हा दाबतो, मग पुन्हा. रात्री तो घरी जेवायला बसतो तेव्हा टॉवर मोकळा होतो आणि एकच उंट त्याच्या भिंतीवरून ओळीने चालत जातो. वरातीच्या लाइव्हला वेगळाच अडथळा. बँडवर लावलेलं सिनेमातलं गाणं कंपनीची यंत्रणा ओळखते आणि आवाज बंद करते, मग पंधरा मिनिटं नवरदेवाचे मामा निःशब्द नाचताना दिसतात. हलगीला अजून कुणी अडवलेलं नाही.

"फॉरवर्ड एकालाच जायलंय" ही तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. तिथे काहीही बिघडलेलं नसतं, ती मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांचा जीव घेतला. देशात त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अशा घटना ठिकठिकाणी घडल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे ढकलणं बंद करायचं ठरवलं, जानेवारी २०१९मध्ये ते जगभर लागू केलं, आणि एप्रिल २०२०पासून पुष्कळ फिरलेला, दुहेरी बाण लागलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. या मर्यादेवर शॉपीत इलाज मागायला येणाऱ्याला पोरगा "होत नाही" म्हणतो, आणि त्याचं हे उत्तर बरोबर आहे.

तसंच, एकच मजकूर तीस ग्रुपमध्ये पाच मिनिटांत चिकटवला की फेसबुक त्या खात्याला माणूस समजत नाही, यंत्र समजतं आणि काही काळ गप्प बसवतं. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन मात्र सदस्यांच्या मजकुरासाठी आपल्याला धरतील म्हणून घाबरलेले असतात. त्यांच्या माहितीसाठी, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं आहे. त्यात त्याचा स्वतःचा हात असेल तर गोष्ट निराळी.

जुनी पोस्ट नव्याने फिरण्याचा रोग लातूरला चांगलाच ठाऊक. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून "जलदूत" रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. ते फोटो तेव्हा देशभर गेले. आता दर एप्रिलला फेसबुक आपणहून आठवण काढतं, कुणीतरी ती एका बोटात पुढे ढकलतं, आणि पुण्यात नोकरीला असलेला भाचा घाबरून फोन करतो, "मामी, पुन्हा रेल्वे आली का पाण्याची?" नव्वद दिवसांपेक्षा जुनी बातमी शेअर करताना फेसबुक जून २०२०पासून हटकतं खरं. पण ते बातमीच्या लिंकला, फोटोला नाही. मामींकडे नळाला पाणी येऊन गेलेलं असतं किंवा यायचं असतं, त्यामुळे त्या "नाही" आणि "हो" यांच्या मधलं काहीतरी सांगतात.

४ ऑक्टोबर २०२१ची रात्र या सगळ्यात वेगळी. रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही जगभर एकदम बंद पडले, ते सुमारे सहा तासांनी, आपल्याकडे पहाटे, सुरू झाले. त्या रात्री कुणाचंही सेटिंग चुकलेलं नव्हतं. तरी फोन बंद-चालू झाले, सिमकार्डं काढून पुसून परत घातली गेली, पॅक संपला असेल म्हणून रिचार्ज मारले गेले. तिकडे अमेरिकेत कंपनीने देखभालीच्या कामात आपल्याच जाळ्याचे रस्ते चुकून पुसून टाकले होते. ते पुन्हा आखायला अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत जायला हवं होतं, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरण्यातच वेळ गेला. दारं उघडणारी यंत्रणाही त्याच बंद जाळ्यावर होती. लातूरच्या गंजगोलाईतला किल्लीवाला दहा मिनिटांत उघडून देतो, आणि डुप्लिकेट हवी असेल तर तीही करून देतो.